वजा उणे तीन

खुब्याचं हाड जुळून दोन महिने झाले, तरी सर खुर्ची सोडायला तयार नव्हते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी काल लेकीला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "या पंधरवड्यात चालले तर चालले. नाहीतर ती खुर्ची कायमची."

सरांचं पालुपद एकच. "झालं माझं चालून."

चालून झालं म्हणे! ज्या माणसानं तीस वर्षं सहावीच्या पोरांना गणितात अक्षरशः चालवलं, त्यानं हे म्हणावं? शाळेच्या व्हरांड्यातल्या फरश्या हाच त्यांचा फळा. मधल्या फरशीवर खडूनं शून्य. ग्रंथालयाच्या बाजूला धन संख्या, फाटकाच्या बाजूला ऋण. बेरीज असली की तोंड ग्रंथालयाकडे, वजाबाकी असली की गर्रकन फाटकाकडे. मग संख्या धन असेल तर सरळ पुढे चालायचं, ऋण असेल तर उलट्या पावलांनी मागे. पोरं एकमेकांवर आदळायची, हसून हसून बेजार व्हायची, आणि शेजारच्या वर्गातल्या बाई कपाळाला हात लावायच्या. लेकही त्याच वर्गात होती. घरी बाबा, शाळेत सर. घरी जाताना त्यांच्या बाहीवरची खडूची धूळ ती झटकायची, तेव्हा कुठे ते पुन्हा बाबा व्हायचे. ते दिवस आठवले की तिला अजूनही भरून यायचं.

आज सकाळी तिनं खडू आणला आणि घरातल्या बोळात, न्हाणीघराच्या दारासमोरच्या फरशीवर भलंमोठं शून्य काढलं.

"हा काय पोरखेळ?" सर खुर्चीतूनच गुरगुरले.

"दोन वजा उणे तीन," ती म्हणाली. स्वयंपाकघराच्या दिशेनं दोन फरश्या गेली, वळून बाहेरच्या दाराकडे तोंड केलं आणि ताठ मानेनं तीन फरश्या पुढे चालली. "उत्तर, उणे एक."

"चूक! ऋण आहे ना ती? उलटी चाल!"

"मला नाही पटत. वजाबाकी करून उत्तर वाढतं कधी?"

"वाढतं! एवढी मोठी घोडी झालीस तरी..."

"मग दाखवा की करून!"

सर तणतणत वॉकर धरून उठले. आपण उठलो हे रागाच्या भरात त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ते शून्यावर आले, दोन फरश्या पुढे गेले, धडपडत बाहेरच्या दाराकडे वळले. ती त्यांच्या पाठीमागे हात पसरून उभी राहिली.

"एक," जागच्या जागी पाऊल आपटून सर म्हणाले. मग एक फरशी मागे. "दोन." आणखी एक. "तीन." ते घामाघूम झाले होते, पण चेहरा उजळला होता. "पाच! बघितलंस?"

सर चारवर उभे होते. पायाखालची फरशीच त्यांनी पहिली म्हणून मोजली होती. ही चूक पहिल्या आठवड्यात वर्गातलं प्रत्येक पोर करायचं. सरांकडून ती कधी झाली नव्हती.

बरोबर म्हणून टाकावं आणि त्यांना बसवावं, असं लेकीला फार फार वाटलं. एवढे चालले हेच पुष्कळ होतं. पण आज त्यांना खोटं बरोबर दिलं, तर ते उद्यापासून घरातले आजारी म्हातारे होतील, आणि ते तिला सोसणार नव्हतं.

"चूक, सर." ती म्हणाली. "उभे आहात ती फरशी मोजायची नाही."

सरांनी खाली पाहिलं. ओठ हलवत शून्यापर्यंतच्या फरश्या मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. त्यांचे डोळे भरून आले.

मग सर खुदकन हसले. "वर्गात कुणाला सांगू नकोस हं," ते म्हणाले. "परत करतो."

आणि वॉकर पुढे टाकत, खुर्चीकडे ढुंकूनही न बघता, ते शून्याकडे निघाले.