हात धरला की मी गप्प

मी हातमोजा बोलतोय. उजव्या हाताचा, एकटाच. डावा भाऊ मला नाही आणि थंडीशीही माझं काही देणंघेणं नाही. माझ्या बोटांत बारीक तारा आहेत. हात हलला की मी कॉम्प्युटरला कळवतो आणि स्पीकरमधून सूर निघतो. हात वर गेला की सूर चढतो, स्थिर राहिला की गप्प.

मला बनवलं एका लेकीनं, आपल्या आईसाठी. आई नाचणारी बाई. उजवा हात थरथरायला लागला तशी ती स्टेजचं नावच काढेना.

"लोक नाच सोडून माझा हातच बघत बसतील," म्हणायची.

"बघू देत!" लेक हट्टी. "त्याच हातानं वाजवायचंय तुला."

प्रत्येक वेळी वाजवण्याआधी मला शिकवावं लागतं, स्थिर हात म्हणजे कसा. तालमीत औषधाच्या गोळीच्या गुणानं आईचा हात शांत असायचा. प्रयोगाच्या दिवशी मात्र धास्तीनं तो काही केल्या थांबेना. घाईघाईत लेकीनं तो आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "शीक रे बाबा लवकर!" मी शहाण्यासारखा शिकलो. यात काही चुकतंय हे तिच्याही लक्षात आलं नाही.

आई नाचली. काय नाचली म्हणून सांगू! थरथरीनं सुराला असा कंप आला, की मीच हरखून गेलो. पण नाचाचा शेवट शांततेत व्हायचा होता. तिनं हात खाली आणला, डोळे मिटले, आणि सूर थांबेचना. धरलेला हात म्हणजे स्थिर हात, एवढंच मी शिकलो होतो ना! सगळं सभागृह वाट बघत होतं. आईचा चेहरा पडला.

"अगं, बटण दाब, आवाज बंद होईल," साउंडवाले काका कुजबुजले.

लेकीनं बटणाला हातही लावला नाही. ती सरळ स्टेजवर गेली आणि तिनं आईचा हात धरला. मला ओळख पटली. मी गप्प झालो.

"अगं, लोक बघतायत," आई पुटपुटली.

"बघू देत."

मग टाळ्या काय पडल्या! तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाचा शेवट तोच.

आता माझी अंगठ्याची शिवण उसवलीय, तारा कुरकुरतात. नवा हातमोजा तयार आहे, मी डब्यात. तक्रार नाही हो, भरून पावलो. पोरी, फक्त एक कर. नव्यालाही आईचा हात धरूनच शिकव.