काळुरामचा डावा हात

ट्रकचा मागचा फाळका काळुरामच्या डाव्या हातावर आदळला आणि मनगट मोडलं. साल होतं त्र्याण्णव. मालक हैबतराव गाडी दुसऱ्याच्या हाती देतील या धास्तीने त्याने नुसता मुका मार लागलाय असं सांगितलं आणि बायकोला केबिनमध्ये बसवलं.

“मी क्लच दाबला की तू गिअर टाकायचा. एवढंच काम हाय गो.”

चंद्रावतीने आजवर मिठागरात मीठ ओढलेलं. तापलेल्या इंजिनाशेजारी अंग चोरून बसायचं आणि तो लांबलचक दांडा दोन्ही हातांनी ढकलायचा. गिअर करकरला की काळुराम खेकसायचा, “न्यूट्रलला थांब! क्लच परत दाबू दे, मग घाल!” पुढेपुढे नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून तिला कळायला लागलं. पण रस्ता सरल्याशिवाय दांड्यावरचा हात काही काढता येईना. पेणहून मीठ भरायचं, रोह्याला उतरवायचं, परत फिरायचं. वडखळ नाक्यावरून आत तिचं माहेर. तिची आई जनी तिथं अंथरुणाला खिळलेली. उतरते म्हटलं की काळुराम म्हणायचा, “हात बरा होऊ दे.”

वैशाखात एकदा नागोठणं मागे पडलं आणि खिंडीच्या चढाला गाडीचा दम तुटला. चंद्रावतीने तिसरा गिअर काढला, पण दुसरा काही पडेना. भरलेली गाडी मागे सरकायला लागली. मागून एसटीचा हॉर्न, ब्रेक पुरा धरेना. तोच काळुरामचा डावा हात खाली गेला आणि त्याने एका हिसक्यात हँडब्रेक ओढला.

गाडी थांबली. चंद्रावती त्या हाताकडे बघत राहिली.

“कवा बरा झाला?”

“आधी गिअर टाक. मागं एसटी हाय.”

“कवा?”

“शिमग्याला,” तो पुटपुटला.

“आन् मला इथं कोंडून ठेवलंत? तिकडं माझी आई...”

“एकट्यानं बघितलं गो गिअर टाकून. हात दांड्यापर्यंत जातो आणि तो फाळका पुन्हा पडतोय असं वाटतं. घाम फुटतो. तू बाजूला असलीस की नाय होत तसं.”

तिने दांड्यावरचा हात काढला. राग होता, नुसता रागही नव्हता.

“टाका,” ती म्हणाली.

एसटी कोकलत होती. काळुरामने हात दांड्यावर ठेवला आणि पहिला टाकला. गाडी हिसके खात चढ चढली. पुढच्या प्रत्येक वळणावर चंद्रावतीचा हात आपसूक उठायचा. शेवटी तिने तो मांडीखाली दाबून धरला.

रोह्याला माल उतरला आणि गाडी परत फिरली. वडखळला तिने गाडी थांबवायला लावली.

“परत कवा येशील?”

“आईला बघते आधी,” ती म्हणाली आणि पिशवी घेऊन उतरली. खाडीकडच्या वाटेने चालताना कितीतरी वेळ तिच्या तळहाताला दांड्याची थरथर जाणवत राहिली.