लिंबाखालची जागा

गेल्या ईस्टरपासून माझ्या बायकोची कबर एखाद्या रविवारी वीतभर सरकलेली असते. आधी वाटलं, मीच चुकलो. पण क्रूसावरचं नाव मी स्वतः रंगवलेलं. सलोमीनेच मला पन्नाशीत अक्षरं शिकवली. त्यातला वाकडा 'ल' मला लांबून ओळखू येतो.

चर्चमागचं आमचं कबरस्थान भरलं आहे. लिंबाखाली, तिच्या आणि भिंतीच्या मध्ये, एकच जागा उरली होती. ती माझी. पाळकसाहेबांनी चार माणसांसमोर तसं सांगितलं होतं.

मग पलीकडच्या बाजूला शेवंताबाई पाटोळे आल्या. सलोमी सरकली. मग शेवंताबाईंचे जावई आले. ती पुन्हा सरकली.

"अगं, ही माझी जागा," मी म्हणालो.

"शेवंताबाईंचे गुडघे धरतात," ती खालून म्हणाली. "पाय लांब करायला नकोत का?"

"मेल्यावर कसले गुडघे?"

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कुठं मेलात?"

ती जन्मभर अशीच. एस.टी.त तिघांच्या बाकावर पाचवी बाई बसवायची आणि मी नेवाशापर्यंत उभा. नाताळात आमच्या दोन खोल्यांत अठरा माणसं झोपायची. मी चुलीपाशी, ती उंबऱ्यात, करंज्यांचा डबा उशाला. तेव्हा मी फार चिडायचो. आता घरात तीन खाटा आहेत आणि तिन्हींवर मीच झोपतो.

"काका, दीड हात उरलाय," कबरी खणणारा शामुवेल म्हणाला. "एस.टी.त टाकतात तसा रुमाल टाकून ठेवा."

मी टाकला. वर दगड ठेवला. पुढच्या रविवारी रुमाल भिंतीवर होता, चार घड्या घातलेला. अशा घड्या तीच घालायची.

म्हणून या रविवारी मी स्वतःच तिथे आडवा झालो. उपासना सुटली. फाटकातून माणसं आली. पुढे पाळकसाहेब, मागे एक तरुण बाप, हातांत पेटी. ती उचलायला दुसरा माणूस लागत नव्हता.

ते माझ्यापाशी येऊन थांबले.

"अहो," सलोमी म्हणाली.

"आज नाही."

बापाने पेटी या हातावरून त्या हातावर घेतली.

मी पोट आत ओढलं, गुडघे जवळ घेतले. पाठ भिंतीला लागली. भिंत कोमट होती. भिंतही जरा मागे झाली.