फिलोमिनाबाईची जमीन

मी जमीन बोलतेय. सातबाऱ्यावरची नव्हे, गिरगावात एका माडीवरची, सागवानी फळ्यांची. माझ्यासाठी भावाभावांत कोर्टकज्जे झाले नाहीत. माझ्यावरून झाली ती नुसती आरडाओरड.

माझी मालकीण फिलोमिनाबाई. रविवारी तिचा देव चर्चमध्ये असे, उरलेला आठवडा मीच. आधी मऊ कुंच्यानं झाडायचं, घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसायचं, मेण लावायचं आणि शेवटी नारळाचं अर्धं सोडण पायाखाली धरून घासायचं. घासताना बाई कंबर अशी हलवी की भिंतीवरचे संतही नजर फिरवत असतील. नवरा कास्मीर ऑफिसातून आला की दारातच बूट काढी आणि मोज्यांवर घसरत खुर्ची गाठी.

डिलाईल रोडच्या चाळीतली बकुळा कामाला आली. आल्या आल्या तिनं माझ्यावर अख्खी बादली ओतली.

"अगं, लाकूड आहे ते!" बाई किंचाळली. "पाणी पिऊन फुगेल!"

"मग पुसू कशानं? थुंकीनं?"

बाईला आधी राग आला, मग हसू. तेव्हापासून दोघींचं जमलं.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. एका दुपारी गल्लीत अश्रुधूर फुटला आणि बकुळाचा नवरा बुधाजी मोर्चातून धडपडत आमचा जिना चढून आला. बायको इथं कामाला असते, एवढंच त्याला ठाऊक. डोकं फुटलेलं, डोळे उघडेनात. माझं मेण नुकतंच लावून झालं होतं.

"दार लाव, फिलू," कास्मीर कुजबुजला. "पोलीस येतील. माझी नोकरी जाईल!"

बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही त्याला पाय पुसून यायला सांगणार. तिनं कळशी उचलली आणि बुधाजीच्या डोळ्यांवर रिकामी केली. मग दुसरी. रक्त, चिखल, पाणी, सगळं माझ्या अंगावर! त्याला आतल्या खोलीत पलंगाखाली ढकललं, तोच जिन्यावर बूट वाजले. बकुळा फडकं घेऊन रक्त टिपायला बसली.

हवालदार दारात उभा. "कोण आलं रे आत?"

"जमीन पुसतोय, दिसत नाही? बूट काढा!" बाई गरजली.

त्यानं बुटांसकटच पाऊल टाकलं. खाली ताजं मेण, वर पाणी. सरकारी बूड दाणकन आपटलं. इतक्या लाडावलेल्या लाकडावर ते पूर्वी कधी टेकलं नसावं.

भित्रा कास्मीर पुढे झाला. हवालदाराला हात देत म्हणाला, "साहेब, मी रोज पडतो."

हवालदार कंबर धरून, शिव्या देत जिना उतरला. मग बकुळा माझ्यावर बसूनच रडली, आणि बाईही तिच्याशेजारी ओल्यात बसली.

राज्य झालं, पेढे वाटले. मी मात्र दाराशी फुगले ती फुगलेच. आता मुलीचं, ओल्गाचं, लग्न ठरलंय आणि कास्मीरला मला लिनोलियमनं झाकायचंय.

"आण की," बाई म्हणते. "तुझ्या शवपेटीत अंथरीन."

तेव्हा मंडळी, लग्नाला या. बुधाजीही नाचणार आहे; त्याला ताल कळत नाही, जरा लांब राहा. जोडे घालून नाचा, घसरा, पडा. फक्त वाईन सांडली तर लगेच टिपा. डागाचं मला काही नाही हो, पण दुसऱ्या दिवशी घासायला उभ्या राहणाऱ्या त्या दोघींचे गुडघे आता दुखतात.