सातव्या होलमधला खड्डा

गोल्फच्या मैदानावर सातव्या होलच्या वाटेत, मधोमध असलेला वाळूचा जुना खड्डा आज बुजणार होता. मातीचा ट्रक येऊन उभा होता आणि क्लबचे सेक्रेटरी, म्हणजे माझे मामा, ड्रायव्हरला हातवारे करत होते.

"मामा, भरण्याआधी एकदा माझ्याबरोबर चला ना."

"फिजिक्स शिकलीस आणि आता खड्ड्यांची वकिली? दर रविवारी माझा चेंडू त्यात जातो, तुझा नाही!"

मी गोल्फवर लिहिते. जुनं मैदान बघायचं तर मी आधी चेंडू जिथे शेवटी घालायचा त्या भोकाच्या झेंड्यापाशी जाते आणि तिथून उलट दिशेने चालत येते. आखणाऱ्याने शेवटी काय ठेवलंय हे कळल्याशिवाय सुरुवात समजत नाही. मामांना तसंच ओढत नेलं.

"आता उजवीकडून चेंडू टाका. हातानेच."

चेंडू ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, उतारावरून झेंडा ओलांडून थेट खाली गेला.

"आता डावीकडून."

या बाजूने चढ होता. चेंडू मंदावला आणि झेंड्याजवळ थांबला. मामांनी पुन्हा टाकला. मग पुन्हा.

"म्हणजे यायचं डावीकडून," ते हळूच म्हणाले.

आम्ही मागे चालत खड्ड्यापाशी आलो. खेळणाऱ्याच्या डावीकडे, खड्डा आणि ओढा यांच्यामध्ये हिरवळीची चिंचोळी पट्टी होती. उजवीकडे मोकळं रान. पहिला फटका अवघड घ्या किंवा दुसरा, निवड तुमची. खड्डा गेला की सगळे सरळ मधूनच मारणार, निवडही गेली.

"आणि सरळ मधून मारला तर?"

"तर वाळू. तुम्ही आयुष्यभर नाकासमोर मारत आलात."

"तुझी आईही हेच म्हणते," मामा पुटपुटले आणि तडक टीवर, पहिला फटका मारायच्या जागी, जाऊन उभे राहिले. पाय डावीकडे वळवले, फटका मारला.

चेंडू ओढ्यात. आता खड्ड्याची धडगत नाही, मला वाटलं.

"अगं, थोडक्यात गेला!" मामांचे डोळे चमकत होते. "दुसरा दे, दुसरा!"

दुसरा पट्टीवर पडला, ओढ्याच्या काठाकाठाने घरंगळला आणि थांबला. गुडघे दुखतात म्हणून जिने टाळणारे मामा चक्क धावत सुटले.

"साहेब, माती ओतू ना?" ड्रायव्हर ओरडला.

"खबरदार! घेऊन जा ती परत!" मामा न थांबता ओरडले. "आणि तू काय बघत उभी राहिलीस? झेंडा धर, येतोय मी डावीकडून!"