पदक, पाय आणि बूट

आमच्या ह्यांना पाय काढता येत नाहीत. वर्तमानपत्रात वीस वर्षं व्यंगचित्रं काढतायत, पण घोट्याखाली नुसतं गवत. सभागृहातला मंत्रीसुद्धा गवतात. संपादक त्याला शैली म्हणतात; खरं काय ते मला ठाऊक.

युद्ध सुरू झालं आणि ह्यांनी शिपायांना पदकं वाटणारा मंत्री काढला. शिपाई अर्थातच गवतात. चित्र छापून आलं त्याच दुपारी लष्कराचा एक अधिकारी आमच्या दारात.

"शिपायांचे पाय का झाकलेत?" बसायच्या आधीच त्याने विचारलं. "बूट पोचले नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. आता त्यानेच सांगितलं. माझा धाकटा भाऊ तिकडे बर्फात उभा होता.

"साहेब, मला पाय जमत नाहीत," हे म्हणाले.

"थापा नकोत. बूट काढून दाखवा."

ह्यांनी काढला. साहेबांनी कागद उलटसुलट फिरवून पाहिला. "हा बटाटा आहे का?"

"डावा बूट आहे, साहेब."

त्याची खात्री पटली. "गवतच चालू द्या, नाहीतर नोकरी जाईल," असं बजावून तो हसू दाबत गेला.

मी पेटले होते. "बूट जमत नाहीत ना? मग अनवाणी काढा."

"नोकरी जाईल, ऐकलंस ना?"

"आणि बर्फात माझ्या भावाच्या पायाची बोटं गेली तर?"

ह्यांनी पेन्सिलीला टोक केलं. मग म्हणाले, "मोजे काढ आणि समोर बस."

पहिल्या दिवशी माझ्या पायाला सहा बोटं आली. तिसऱ्या दिवशी पाच. चित्रात मंत्री छातीला पदक लावतोय आणि अनवाणी शिपाई विचारतोय, "साहेब, हे पायात घालता येईल का?" संपादकांनी गवत असेलच असं धरून ते न बघताच छापलं.

गावभर हशा पिकला आणि हे घरी बसले. महिन्याभराने भावाचं पत्र आलं.

"ताई, सगळ्यांना बूट मिळाले. माझे दोन नंबर मोठे आहेत, म्हणून पुढे वर्तमानपत्र कोंबलंय. कोणतं पान, ते भावोजींना सांगू नकोस."

मी लगेच सांगितलं. हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी तर कधीची रडत होते.