शिवलेलं पान

"शेवटचं पान उघडायचं नाही. काहून, ते विचारायचं नाही."

आंधळगावजवळच्या आमच्या खेड्यातल्या वाचनालयात, गोष्टींच्या एका जुन्या पुस्तकाला हा नियम आहे. त्याची राखण मी करत आलो. मी कोशाचा दोरा बोलतोय.

माझा जन्म जंगलातला, ऐनाच्या झाडावरचा. अळीनं मला स्वतःभोवती गुंडाळून घेतलं, माणसांनी तो कोश उकळला आणि रुखमानं मांडीवर वळून माझा दोरा केला. तेव्हा ती गावात नवी सून होती. वाचनालय झाडायची, चहा करायची. एके दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष श्यामराव पुस्तक घेऊन तिच्यापुढे आले.

"हे शेवटचं पान पुठ्ठ्याले शिवून टाक."

रुखमाला वाचता येत नव्हतं. तिनं टाके घातले आणि मला दातांनी तोडलं.

पुस्तकातली शेवटची गोष्ट दरवर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गावापुढे वाचतात. ती एका मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची आहे. 'आमचे थोर मालक' घोरले की घरावरची कवेलू सरकतात, तळ्यातले मासे तळ गाठतात. ते हुकूम सोडतात, "मी उठेपर्यंत कोंबडा आरवला नाही पाहिजे." मोलकरीण भुरी म्हणते, "जी मालक," आणि गावातले सगळे कोंबडे टोपल्यांत भरून दुसऱ्या गावी सोडून येते. प्रत्येक हुकमाला तिचं तेच, "जी मालक." पाचव्यांदा ते आलं की माणसं पोट धरून हसतात. तिथंच श्यामराव पुस्तक मिटतात.

मग कोणीतरी ओरडतं, "ए भुरी, चहा आण वं!" आणि रुखमा उठते. बावीस वर्षं गाव तिला भुरीच म्हणतंय. श्यामरावांखेरीज झाकलेलं पान मी एकट्यानं वाचलं होतं. पण दोऱ्याला कोण विचारतो?

यंदा श्यामरावांना नीट दिसेना, म्हणून वाचायला रुखमाची लेक दामिनी उभी राहिली. ती तुमसरला मराठी घेऊन बी.ए. करते. पाचवं 'जी मालक' झालं, लोक हसले, पण तिनं पुस्तक मिटलं नाही. माझ्यावर बोट ठेवून तिनं श्यामरावांना विचारलं.

"आबाजी, हे काहून शिवलं?"

"विचारायचं नाही म्हटलं ना पोरी. लोक हसले, झालं."

"कोणाले हसले?"

"भुरीले. येडीच आहे ते."

"मंग लिहिणाऱ्यानं घोरणं कोणाचं एवढं फुगवलं? भुरीचं? थोर थोर म्हणत तो मालकालेच टोचून राहिला, आबाजी. अन् 'जी मालक' पाचदा आणलं, ते सहाव्यासाठी. सहावं कुठं आहे?"

श्यामरावांशेजारी बसलेले सोमाजी हसले. "लय शिकली पोरगी! भुरे, चहा आण."

रुखमा उठली, पण चुलीकडे गेली नाही. लेकीच्या हातातलं पुस्तक तिनं तोंडाजवळ नेलं आणि जिथं बावीस वर्षांपूर्वी मला तोडलं होतं, तिथंच पुन्हा दात लावला.

दामिनीनं वाचलं. गावात कोंबडाच नाही, म्हणून मालक तीन दिवस झोपून. मालकासाठी मानाची पगडी घेऊन मोठा साहेब येतो. दारात भुरी उभी. "उठवू नका, मालकाचा हुकूम आहे." साहेब पगडी घेऊन परत जातो. आत घोरणं चालूच. भुरी दार लोटून घेते आणि हळूच म्हणते, "जी मालक."

बायकांच्या बाजूनं एकच हसू फुटलं. रुखमा हसली नाही. ती डोळे पुसत होती.

मी आता तिच्या मुठीत आहे, तुकडे तुकडे. माझी एवढीच विनंती आहे, फाटलेलं लुगडं दोऱ्यानं शिवा, गोधडी शिवा. पान शिवू नका.

श्यामराव खाकरले. "झालं तुमचं? रुखमा, दुसरा दोरा आण. शिवून टाक ते परत."

"नाही शिवणार," दामिनी म्हणाली. "माय पण नाही, मी पण नाही."

श्यामरावांनी सोमाजींकडे पाहिलं. सोमाजींनी मान खाली घातली. मग ते उठले आणि चहा ठेवायला स्वतःच चुलीकडे गेले.